अन्नपूर्णाबाईंची गुळतुला

देशमुखांच्या घरी 'पुरे' या शब्दाला कधीच किंमत नव्हती. पंगतीत तुपाचं भांडं फिरायचं, जेवणारा 'पुरे' म्हणायचा, आणि त्यानंतर जी धार पडायची ती खरी धार. पहिल्याच 'पुरे'ला हात आखडता घेणारी बाई कोत्या मनाची, तिच्या माहेरी कोणी तूप पाहिलेलं नसणार, असं तोंडावर बोललं जायचं.

अन्नपूर्णाबाई या घरात सून होऊन आल्या तेव्हा अंगानं अगदी काटकुळ्या होत्या. माहेर मोताळ्याकडचं, जमीन बेताची, बहिणी पुष्कळ. नवरी पाहायला आलेल्या बायका पदराआडून म्हणाल्या होत्या, "देशमुखानं सून आणली का पऱ्हाटी?" कापूस वेचून झाल्यावर शेतात नुसत्या काड्या उभ्या राहतात, ती पऱ्हाटी.

सासूबाईंना ते झोंबलं. दुसऱ्या दिवसापासून त्या सुनेला समोर बसवून स्वतः वाढू लागल्या. सकाळी डिंकाचा लाडू, दुपारी वरणभातावर तूप, संध्याकाळी सायीचं दूध. "खाय माय, खाय. लोकाइले वाटंल आमी उपाशी ठेवतो." अन्नपूर्णाबाईंचा जीव नको नको व्हायचा, पण सासूसमोर ताटात टाकून उठायची छाती कोणाची? पुढे बाळंतपणं झाली. प्रत्येक वेळी सव्वा महिना बाजेवर बसून खाणं झालं. पऱ्हाटीचा कुठे मागमूस राहिला नाही. बांगडीवाला फकीर मोहम्मद एकदा दारात पेटी उघडून म्हणाला, "बाईसाब, तुमच्या हाताची चुडी आता माझ्यापाशी नाही, खामगावहून मागवावी लागंल." सासूबाईंनी खुश होऊन त्याच्या झोळीत पायलीभर ज्वारी ओतली.

खरं सांगायचं तर अन्नपूर्णाबाईंनाही ते आवडलं होतं. सवाष्ण जेवायला बोलवायची म्हटलं की भरल्या अंगाची बाई आधी आठवायची. हळदीकुंकवाला त्यांना पाट मिळायचा, काड्यांसारख्या बायका कोपऱ्यात बसायच्या. वाळकी बाई म्हणजे एक तर आजारी, नाही तर नवऱ्याची नावडती, नाही तर मजुरीवाली. त्यांचे यजमान भगवानराव स्वतः मात्र सडसडीतच राहिले. शेत, कचेरी, बाजार, दिवसभर त्यांचे पाय मोकळे. पण पाहुण्यांपुढे बायकोकडे हात करून ते बैलजोडीबद्दल बोलावं तसं बोलायचे, "पाह्य, याले म्हंतात देशमुखाचं घर."

गावातलं विठ्ठलाचं देऊळ उंच टेकाडावर. पायऱ्या दगडी, काही काही तर गुडघ्याएवढ्या. कार्तिकात काकड्याला पहाटे पायथ्यापर्यंत गाडीनं, मग ताट घेऊन वर जायचं, आरती झाली की विठ्ठलाच्या पायांवर डोकं टेकायचं, एवढं एकच त्या मोठ्या घरात त्यांचं स्वतःचं होतं. बाकी सगळं घराचं. पण अंग वाढत गेलं तशा पायऱ्या वाढल्यासारख्या झाल्या. आधी मधल्या कडुनिंबापाशी टेकावं लागे. मग तिसऱ्या पायरीवरच दम लागू लागला. शेवटी त्या खालीच बसायच्या आणि गुरव तीर्थ घेऊन उतरायचा. विठ्ठलाचं तोंड पाहून तीन कार्तिक झाले होते. खालून दिसायचा तो फक्त कळस. कळसाला का डोळे असतात?

त्या अशा बसलेल्या असायच्या आणि शेजारून रुखमाबाई देवळासाठी सरपणाचा भारा डोक्यावर घेऊन वर चढून जायची. रुखमाबाई त्यांच्याच शेतावर निंदणीला यायची. वय तेवढंच, पण नुसती दोरी.

"रुखमे, तुले बरं वर जाता येते," अन्नपूर्णाबाई एकदा चिडूनच म्हणाल्या.

"बाई, पोट रिकामं असलं की पाय हलके राह्यतात," रुखमाबाई हसली. "मी त देवाले म्हंतो, एक वरीस मले बाईचं आंग दे न बाईले माहे पाय दे. दोघी सुखी होऊ."

अन्नपूर्णाबाई तिच्या पायांकडे पाहत राहिल्या.

महाराष्ट्र राज्य होऊन सात-आठ वर्षं झाली होती. थोरल्या निवृत्तीनं शिकलेलीच बायको करायचा हट्ट धरला आणि घरात विमल आली. बुलढाण्याच्या कारकुनाची मुलगी, अकोल्याला बी.ए. झालेली, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. ती छत्री घेऊन रोज गावाच्या या टोकापासून ओढ्यापलीकडच्या शाळेपर्यंत पायी जायची. देशमुखांच्या घरची पहिली बाई जी रस्त्यानं चालली. सरकारी काम म्हणून गाव गप्प राहिलं.

पण पहिल्या पंगतीला सरकारी कामाची ढाल नव्हती. वाढणारी चुलतसासू तूप घेऊन आली, विमल "पुरे" म्हणाली, आणि पुढची धार पडायच्या आत तिनं ताटावर हात आडवा धरला. पंगत थांबली. तुपाचं भांडं हवेतच राहिलं. अन्नपूर्णाबाईंना वाटलं, आता ही पोर काय काय ऐकणार! पण चुलतसासू नुसती म्हणाली, "शिकलेल्या पोट्टीइचं येगळंच राह्यते," आणि पुढच्या ताटाकडे सरकली. संपलं. त्या रात्री अन्नपूर्णाबाईंना राग आला तो सुनेचा नव्हता. आपण पंचवीस वर्षांत एकदाही हात आडवा का धरला नाही, याचा होता. आणि धरला असता तर चाललं असतं का, याचाही.

त्याच वर्षी वैशाखात निवृत्तीला मुदतीचा ताप आला. पोरगा हाती लागतो की नाही अशी वेळ. भगवानराव टेकाडाच्या पायथ्याशी उभे राहिले आणि चारचौघांत मोठ्यानं बोलले, "पांडुरंगा, पोरगं उठून बसू दे, कार्तिक पुनवंले घरच्या लक्ष्मीची गुळतुला करतो."

निवृत्ती उठून बसला. देवाची कृपा. अन्नपूर्णाबाईंनी खालूनच दहादा हात जोडले. पण तुलेचं ऐकल्यावर त्यांचे जोडलेले हात खाली आले. आदल्या वर्षी भाऊकीतल्या वामनरावांनी त्यांच्या बायकोची, पुष्पाबाईंची तुला केली होती. पुष्पाबाई एका पारड्यात, दुसऱ्यात गुळाच्या भेल्या, आणि काटा सरळ झाल्यावर तो सगळा गूळ गावाला प्रसाद म्हणून वाटलेला. किती भेल्या चढल्या ते गाव अजून सांगत होतं. भगवानरावांच्या नवसात देव तर होताच, पण वामनराव पण होते.

ज्येष्ठात पायाला सूज आली म्हणून निवृत्ती आईला मेहकरला डॉक्टरकडे घेऊन गेला. विमल बरोबर होती. डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं, लघवी तपासली आणि चष्म्यावरून पाहिलं.

"लघवीत साखर आहे बाई. वजन उतरवा. भात, साखर, तूप बंद. रोज चाला. नाही तर दोन वर्षांनी घरातल्या घरात हिंडणं होणार नाही."

"देवळाच्या पायऱ्या?" त्यांनी विचारलं.

"आत्ता उतरवलंत तर चढाल. नाही तर विसरा."

घरी आल्यावर भगवानरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि पानाची पिंक टाकली. "डाक्टर सोता फुकलं त उडंल असा. त्याले काय समजते खानं! कार्तिकापर्यंत काही बंदफिंद करू नोको. मंग पाहू."

"मंग म्हंजे कवा? पाय गेल्यावर?"

"लोकाइपुढं माही मान खाली घालतं काय वो?"

एका काट्यावर वजन जास्त म्हणून शिव्या, दुसऱ्या काट्यावर कमी म्हणून. अन्नपूर्णाबाईंना वाटलं, हे अंग माझं आहे की देशमुखांच्या सामाइक शेतातला एक तुकडा? विमल रोज समजवायची, मासिकातलं वाचून दाखवायची, शहरातल्या बायका आता काय खातात ते सांगायची. तिचं खरं होतं, पण ऐकून ऐकून अन्नपूर्णाबाईंचं डोकं उठायचं. बारीक होते तेव्हा चुकले, जाड झाले तेव्हाही चुकले. चुकायचं तरी किती!

मग आषाढी आली आणि त्यांना वाट दिसली. चातुर्मासाचा नेम! डॉक्टरचं नाव घेतलं तर ताटात तूप पडतंच, पण देवाच्या नावानं सोडलं तर कोणाची हिंमत आहे वाढायची? त्यांनी आषाढी एकादशीला सगळ्यांसमोर संकल्प सोडला, कार्तिकीपर्यंत अन्न सोडलं, फक्त उपासाचं खाईन. देवाला मनात म्हणाल्या, "बाप्पा, तुझं नाव पुढे करते, रागावू नको. तुझ्यापर्यंत यायचंच आहे म्हणून करते."

गावाला कौतुक वाटलं. एवढ्या मोठ्या घरची बाई, एवढा कडक नेम! आणि मग दारात ताटं येऊ लागली. उपासाला चालते म्हणून साबुदाण्याची उसळ, वर शेंगदाण्याचा कूट. उपासाला चालते म्हणून शिंगाड्याचा शिरा, तूप सुटलेला. भगर, रताळ्याच्या गोड चकत्या, केळी. भगवानराव मेहकरच्या बाजारातून पेढे आणायचे, "दुधाचंच होय, चालते." नेमवाल्या सवाष्णीला उपासाचं देणं पुण्याचं, आणि तिनं परत पाठवणं पापाचं. अन्नपूर्णाबाई खात राहिल्या. मनाशी म्हणायच्या, दाणा तर पोटात नाही, उतरणारच.

श्रावण सरता सरता पुन्हा मेहकरला गेल्या. काटा मागच्यापेक्षा पुढे गेला होता.

"मी उपास करून राह्यलो डाक्टरसायब!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय खाता?"

त्यांनी सांगितलं. डॉक्टर हसायला लागले, कंपाउंडर हसायला लागला. विमलसुद्धा तोंड फिरवून हसली, ते त्यांनी पाहिलं. परतताना एस.टी.त त्या खिडकीशी बसल्या. खिडकीबाहेर शेतातल्या बायका निंदत होत्या, कमरेत वाकलेल्या, सगळ्या रुखमाबाईसारख्या. हे चालणं, वाकणं, उठणं सगळं त्यांच्याच वाट्याला का गेलं, आणि आपल्या वाट्याला नुसतं बसणं का आलं?

दुसऱ्या दिवशी त्यांनी चपला घातल्या आणि शेताच्या वाटेनं चालायला निघाल्या. वेशीपर्यंतसुद्धा पोचल्या नव्हत्या, तेवढ्यात मागून घुंगरं वाजली. सालदार दयाराम छकडा घेऊन आला होता.

"बाई, मालकानं सांगलं, बसा."

"मले बसायचं नाही. चालायचं हाये."

"मंग मी मागं मागं येतो. मालकानं रिकामी परत आणू नोको म्हटलं."

अन्नपूर्णाबाई पुढे, छकडा मागे. वाटेवरचा प्रत्येक माणूस थांबून विचारू लागला. कोणी म्हणे, माहेरी चालल्या का? कोणी म्हणे, घरात भांडण झालं का? एका म्हातारीनं तर हात धरून समजावलं, "पोरी, राग गिळाव, घरी जाय." त्या शेवटी गाडीत बसल्या आणि घरी आल्या. भगवानराव ओसरीवरून म्हणाले, "आपल्या घरची बाई पायी फिरली त लोक म्हंतीन बैल इकले."

मग त्यांनी माळ्यावरचं जातं काढायला लावलं. गावात पिठाची चक्की येऊन वर्षं झाली होती, जात्यावर आता फक्त गरिबाच्या घरी दळत. पहाटे उठून त्यांनी मूठमूठ ज्वारी दळायला घेतली. घाम आला, बरं वाटलं, तोंडातून विठ्ठलाची ओवीही आली. चार दिवस गेले, आणि पाचव्या दिवशी विमल शाळेतून रडत घरी आली.

"आत्याबाई, सगळ्या गावात बोलतायत, बी.ए.वाली सून सासूला दळायला लावते. आज हेडमास्तरांनी मला विचारलं!"

"मंग मी काय करू?" अन्नपूर्णाबाई एकदम उसळल्या. "चालली त लोक बोलते, दळलं त लोक बोलते, खाल्लं त डाक्टर हासते, नाही खाल्लं त मालक बोलते! तू रोज छत्री घेऊन जातं, तुह्या मागं काऊन नाही येत गाडी? तुले काऊन नाही म्हनत कोणी, बस म्हणून?"

विमल रडायची थांबली. पदराच्या टोकानं तिनं डोळे पुसले.

"कारण मी शाळेत जाते," ती हळूच म्हणाली. आणि मग, "तुम्ही पण चला ना."

"कुठं?"

"शाळेत. प्रौढांचा वर्ग चालू झालाय. पोरं गेल्यावर बायकांना शिकवते मी. मामंजी सरपंच, त्यांनीच भाषण केलं होतं, गाव शंभर टक्के साक्षर करू म्हणून."

रात्री गोष्ट कानावर घातल्यावर भगवानरावांना ते भाषण आठवलं. साहेब आले होते, हार घातला होता, टाळ्या पडल्या होत्या. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "गाडीनं जाय मंग."

"मास्तरीण पायी न इद्यार्थी गाडीत? बरं दिसंल काय?" अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

अशी वाट मिळाली. रोज दुपार कलली की हातात पाटी घेऊन अन्नपूर्णाबाई गावाच्या या टोकापासून ओढ्यापलीकडे जायच्या आणि परत यायच्या. कोणी अडवलं नाही, कोणी विचारलं नाही. पाटी हातात असली की चालणं कोणाच्या डोळ्यावर येत नव्हतं. अक्षरांत त्यांचा जीव फार नव्हता, त्यांना वाट पाहिजे होती. तरी 'विठ्ठल' एवढं लिहिता येऊ लागलं तेव्हा त्यांनी पाटी दोन दिवस पुसू दिली नाही. नेमही त्यांनी बदलला. गुरवाला विचारून उपासाचं सोडलं आणि एकभुक्त धरलं. दिवसातून एकदाच, एक भाकर, वरण, पालेभाजी. देवाचा नेम म्हटल्यावर ताट पाठवणाऱ्यांचे हात थांबले.

पहिले काही दिवस भुकेनं डोकं गरगरायचं, पायांत गोळे यायचे, ओढ्याच्या चढावर त्या दगडावर बसून डोळे पुसायच्या. सहज काही झालं नाही. पण दसऱ्याच्या सुमारास चोळी ढिली झाली. बांगड्या कोपरापर्यंत जाऊ लागल्या.

ते भगवानरावांनी पाहिलं. गुळाच्या भेल्या मेहकरहून येऊन पडवीत रचलेल्या होत्या. वामनरावांपेक्षा चार जास्तच मागवलेल्या. ते भेल्यांकडे पाहायचे, बायकोकडे पाहायचे. भाऊकीत निरोप गेले आणि लग्नाआधी नवरीला बोलावतात तशी गडगनेरं सुरू झाली. आज या घरी पुरणपोळी, उद्या त्या घरी बासुंदी. अन्नपूर्णाबाई प्रत्येक घरी गेल्या, पाटावर बसल्या, ताटाला नमस्कार केला आणि म्हणाल्या, "एकभुक्त हाये." यजमानीण हिरमुसायची. भगवानराव घरी येऊन जिन्यावर पाय आपटायचे.

"देवाचा नवस होय न वो! देवाच्याच नवसात तू खोडा घालून राह्यली!"

"नवस तुमी केला. माहं वजन मले न इचारता बोलले."

असं त्या आयुष्यात पहिल्यांदा बोलल्या, आणि बोलून झाल्यावर पाणी प्यायला आत गेल्या.

कार्तिक पौर्णिमा आली. काकड्याचा शेवटचा दिवस, काला, आणि देशमुखांची तुला. टेकाडाच्या पायथ्याशी मांडव. तीन लाकडी बल्ल्यांवर कापसाच्या बाजारातला मोठा काटा टांगलेला. मेहबूब तोलारी काट्याची साखळी तपासत होता. सगळं गाव जमलेलं. वामनराव पुढच्या सतरंजीवर, शेजारी पुष्पाबाई.

भगवानरावांनी बायकोला बाजूला घेतलं. "जड पैठणी नेसली न? तोडे घातले? हे पाणी पेऊन घे," असं म्हणून तांब्या पुढे केला. "आन ही देवाची समई मांडीवर धरजो. शोभा दिसते."

समई पितळेची, दोन हातांनी उचलायची.

"तुला माही करता का समईची?" अन्नपूर्णाबाईंनी तांब्या खाली ठेवला. "मी आधी वर जातो. खाली आल्यावर बसतो पारड्यात."

"आत्ता? लोक बसले, भटजी बसले! तुह्यानं होते काय वर जाणं!"

पण त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला होता. टाळ थांबले. विमल हात द्यायला धावली, त्यांनी नको म्हटलं. एक पायरी, थांबणं. दुसरी. गुडघे करकरत होते, पदर घामानं भिजला. खालून कोणीतरी हसलं, कोणीतरी 'अवो पडतीन' म्हणालं. कडुनिंबापाशी त्या बुंध्याला टेकून उभ्या राहिल्या. खाली पाहिलं तर भगवानराव मांडवात एकटेच उभे, हातात समई. त्या परत वळल्या. पुढच्या उंच पायऱ्यांवर त्यांनी सरळ हात टेकले आणि लहान मूल चढतं तशा चढल्या. पैठणीचा काठ दगडाला घासून फाटला. देशमुखीण चार पायांवर! पण लाज खालीच कुठेतरी राहिली होती.

गाभाऱ्यात समई मंद होती. विठ्ठल होता तसाच, कमरेवर हात ठेवून. त्यांना वाटलं काही बोलावं, पण दम एवढा लागला होता की नावही तोंडातून येईना. त्या खाली बसल्या, पायांवर डोकं ठेवलं, आणि तिथेच राहिल्या. उठता उठता बराच वेळ गेला. मागून येऊन विमलनं आणि सरपण ठेवायला आलेल्या रुखमाबाईनं काखेत हात घालून उठवलं. तेवढं त्यांनी घेऊ दिलं.

खाली येऊन त्या पारड्यात बसल्या. भेल्या चढू लागल्या. पुष्पाबाईंच्या वेळचा आकडा यायच्या पुष्कळ आधीच मेहबूबनं हात वर केला.

"बस्स मालक, काटा बराबर."

"अजून एक ठेव," भगवानराव दातांतून म्हणाले.

"वर उचलतीन बाई."

"ठेव म्हंतो न बे!"

मेहबूबनं ठेवली. गुळाचं पारडं खाली बसलं आणि अन्नपूर्णाबाई पायांसकट हवेत उचलल्या गेल्या. मांडवभर हसू फुटलं. भेली काढावी लागली. वामनराव मिशीतल्या मिशीत म्हणाले, "भाऊ, वैनीले यंदा उपास लागला वाटते." पुष्पाबाई हसल्या नाहीत. त्या पायऱ्यांकडे पाहत होत्या. त्यांचेही गुडघे गेलेले होते.

गूळ वाटला. रुखमाबाईनं पदरात घेतलेला खडा उलटून पालटून पाहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "बाई, तुमी बारीक झाल्या न आमचा वाटा बी बारीक झाला."

लोक पुन्हा हसले. अन्नपूर्णाबाईंना मात्र ते काळजात रुतलं. तिचं खोटं कुठे होतं? त्यांनी पडवीतल्या उरलेल्या भेल्याही आणून वाटायला लावल्या. परतताना दयारामनं छकडा आणला. अन्नपूर्णाबाई पायी निघाल्या. मालक गाडीत बसले, आणि गाडी बाईंच्या मागे मागे हळूहळू चालली, कारण मालकाला पुढे जाणंही बरं दिसेना.

दिवे लागल्यावर जेवायला बसले. नेम संपला होता, तेव्हा आता देवाचं नाव पुढे करायची सोय नव्हती. भगवानरावांनी आज वाढणारीच्या हातातून तुपाचं भांडं स्वतः घेतलं. राग होता की माया होती, त्यांचं त्यांना तरी कळलं असेल का कोणास ठाऊक.

"नवस झाला. आता त नीट खाय. वाळून चालली पाह्य."

"पुरे," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

"पुरे काय पुरे! चाखलं बी नाही."

त्यांनी ताटावर हात आडवा धरला. भगवानरावांना वाटलं, धार सुरू झाली की काढून घेईल. सगळेच काढून घेतात. त्यांनी भांडं वाकवलं. हात निघाला नाही. तूप बोटांच्या पेरांवरून, बांगड्यांच्या खालून मनगटावर ओघळलं. समोर विमल घास हातात घेऊन तशीच बसली.

भांडं रिकामं झाल्यावर भगवानराव थांबले.

अन्नपूर्णाबाईंनी डाव्या हातानं ताट बाजूला सारलं, लुगड्याचा काठ जरा वर घेतला आणि हातावरचं ते सगळं तूप दुखऱ्या गुडघ्यांना चोळायला घेतलं. नीट, सावकाश, वाया न घालवता. मग हात पुसून त्यांनी कोरडी भाकर मोडली.